बोणी, बिदागी आणि दहा पौंड

दिवाळी आली की आमच्या भागात दोन शब्दांची गाठ पडते. पोस्टमन, गुरखा, दूधवाला, झाडलोट करणारी बाई अशी मंडळी दारोदार जातात. मराठी घरी ती दिवाळीचे 'पोस्त' मागतात; शेजारच्या गुजराती घरी तीच मंडळी 'बोणी' मागतात. आपल्या कानाला बोणी म्हणजे दुकानदाराची दिवसातली पहिली विक्री, भवानी. गुजरातीत तो अर्थ आहेच. पण बेसत्या वर्षी, म्हणजे आपल्या पाडव्याला, हातावर जे पैसे ठेवतात तीही बोणीच. देशावरून नव्याने बदलून आलेल्या एका बाईंना दारात "बोणी आपो, बेन" असे ऐकू आले, तेव्हा त्यांनी "आधी काय विकायला आणलंय ते तर दाखव" असे विचारले होते. तो प्रसंग आमच्या गल्लीत अजून सांगतात.

असे घोटाळे आपल्याकडे व्हायचेच. नवापूरच्या स्टेशनाची ओळख या अंकाच्या वाचकांना करून द्यायला नको. अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत, आणि गाडीची सूचना चार भाषांत. १९६० साली दोन राज्ये झाली. पण ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत आणि खानदेश एकमेकांना बांधले ते विसाव्या शतकाच्या आरंभीच. तेव्हापासून लग्नाचा बस्ता सुरतेचा, दुखण्याला डॉक्टर सुरतेचा, आणि पोटासाठी जायचे तेही सुरतेलाच. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांत आज इतकी खानदेशी घरे आहेत, की तिथल्या महानगरपालिकेला मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवाव्या लागतात. मी स्वतः एम. ए. सुरतेला राहून केले, इतिहास घेऊन. त्यामुळे या शहराबद्दल थोडे ममत्व आहे, ते लेखात डोकावेल. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

विषय तसा रोजचा आहे. ओळखीच्या दोन माणसांत पैसा किंवा वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली, की तिला म्हणायचे काय? मराठीत शब्दांचा तोटा नाही. आहेर, भेट, नजराणा, बक्षीस, खुशाली, पोस्त, बिदागी, खाऊ, चहापाणी, चिरीमिरी. नोट शंभराचीच असते. पण नजराणा खालून वर जातो, बक्षीस वरून खाली येते आणि आहेर समोरासमोर होतो. देणाऱ्याचा हात कुठे आहे, हे शब्दावरून कळते. घेणाऱ्याला रकमेपेक्षा हा शब्दच अधिक लागतो, असे माझे मत आहे, आणि त्याचा पुरावा मला सुरतेच्या इतिहासात सापडतो. सतराव्या शतकात सुरतेच्या बंदरात उतरलेल्या परदेशी लोकांना आपले देण्याघेण्याचे रिवाज नवे होते, म्हणून त्यांनी ते लिहून ठेवले. आपल्या अंगवळणी पडलेली गोष्ट आपण कशाला लिहून ठेवू?

दिवाळीपासूनच सुरुवात करू. इंग्रजांची सुरतेची वखार १६१३ सालची. त्या वखारीत जॉन ओव्हिंग्टन नावाचा पाद्री १६९० साली आला आणि परत गेल्यावर त्याने १६९६ साली आपल्या सुरतेच्या प्रवासाचे पुस्तक छापले. त्यात तो दिवाळीची हकिकत देतो. वखारीशी व्यापार करणारे वाणी दलाल दिवाळीला प्रेसिडेंटपासून कारकुनापर्यंत सर्वांना भेटी देत. कुणाला दागिना, कुणाला चांदीचे भांडे, कुणाला रेशमी वस्त्र. ज्याची जशी पायरी तशी भेट. पाद्री आणि वैद्य हेही त्या यादीत असत. तरुण कारकुनांचे पगार तुटपुंजे. पण दिवाळीच्या या कापडात त्यांचे वर्षातले बरेच दिवस निभावत असत. म्हणजे लंडनहून आलेला पोरसवदा साहेब अंगात जे रेशीम मिरवीत होता, ते सुरतेच्या दलालाने दिलेले!

ओव्हिंग्टनला ही भेट मोठी उमदी वाटली. मला त्यात उमदेपणापेक्षा हिशेब अधिक दिसतो. दलाल काही भोळा नव्हता. वखारीचा माल कुणामार्फत घ्यायचा हे ठरवणाऱ्या प्रत्येक हातात त्याने कापड ठेवले होते, आणि ते कापड पुढे मालाच्या भावात कुठेतरी वळते झालेच असणार. दिसायला दिवाळीची भेट, पण हात खालून वर गेलेला. म्हणून माझ्या लेखी तो नजराणा. याच वखारीत दाराशी आणि रस्त्यात साहेबांच्या पुढेमागे चालायला चाळीस-पन्नास प्यून असत. आपल्या शाळा-कचेऱ्यांतला 'प्यून' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. मूळ अर्थ पायी चालणारा शिपाई. त्याची आठवण ठेवावी, लेखात तो पुन्हा येणार आहे.

आता सुरतेत मेलेल्या एका विलक्षण माणसाकडे वळतो. टॉमस कोरिएट हा इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातला. पायी फिरण्याचे वेड. १६०८ साली त्याने युरोपात भटकंती केली, १६११ साली त्यावर जाडजूड पुस्तक लिहिले आणि १६१२ साली तो पूर्वेकडे निघाला तो परत गेलाच नाही. अलेप्पोहून अजमेरपर्यंत दहा महिने चालत आला आणि एवढ्या वाटेत आपला खर्च सारा तीन पौंड झाला, असे त्याने अभिमानाने कळवले आहे. १६१५ साली तो अजमेरला पोचला. जहांगीर बादशहाचा मुक्काम तेव्हा तिथे होता. त्याच वर्षी सप्टेंबरात सुरतेजवळच्या सुवाळीच्या बंदरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो उतरला आणि तोही अजमेरला आला.

या दोन टॉमसांत जमीन-अस्मानाचे अंतर. रो हा मानापमानाच्या बाबतीत फार हळवा. सुरतेच्या सुभेदाराच्या माणसांनी आपली झडती घ्यावी हे त्याला सहन झाले नव्हते. दरबारात नेलेल्या भेटवस्तू बादशहाच्या नजरेत भरल्या नाहीत, याचाही सल त्याला होता. इंग्लंडहून आणलेली घोडागाडी जहांगीरने ठेवून घेतली. पण तिच्या आतले मखमलीचे अस्तर काढून जरतारी लावले आणि पितळी खिळ्यांच्या जागी चांदीचे ठोकले. आहेरात आलेली साडी यजमानीणबाईंनी तिथेच बोहारणीला द्यावी, तसे झाले हे!

आणि कोरिएट? त्याच्या कनवटीला वीस शिलिंग उरले होते. त्याने फारसी भाषा शिकून घेतली, एक भाषण पाठ केले आणि १६१६ साली एके दिवशी जहांगीर झरोक्यात बसला असता खाली उभे राहून खणखणीत आवाजात म्हणून दाखवले. मी दूर देशीचा दरवेशी आहे, आपल्या कीर्तीमुळे चालत आलो, असा त्याचा आशय होता. बादशहा खूश झाला. चारही कोपरे बांधून वरून खाली सोडलेल्या चादरीत त्याने शंभर रुपये टाकले. त्या वेळच्या हिशेबाने रुपयाचे दोन शिलिंग. म्हणजे दहा पौंड झाले.

रोला हे कळल्यावर तो भडकला. आपल्या राष्ट्राचा माणूस परक्या राजापुढे हात पसरतो, ही नामुष्की! कोरिएटनेही त्याला असे ठणकावून उत्तर दिले, की वकिलाने विषय सोडून दिला. हे कोरिएट स्वतःच पत्रात लिहितो, तेव्हा थोडे मीठमिरची लावलेले असेल. पण बाजू कुणाची खरी? मला विचाराल तर दोघांचीही. रोच्या डोळ्यांपुढे भिकाऱ्याला टाकलेले नाणे होते. कोरिएटच्या मनात आपण परक्या भाषेत भाषण केले, दाद मिळाली आणि निरोप घेताना मानधन मिळाले, एवढेच होते. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, बिदागी. बिदा म्हणजे निरोप. कीर्तनकार, गवई, शाहीर निघताना जे द्यायचे ते बिदागी. तिच्यात कमीपणा नाही, कारण तिच्याआधी विद्या दाखवलेली असते. इंग्रजीत कोरिएटला हा शब्द मिळाला असता तर बिचाऱ्याची रोपुढे अधिक सोय झाली असती.

खरी गंमत पुढे आहे. १६१७ साली बादशहाचा आणि वकिलाचा मुक्काम मांडूला होता. तिथे कोरिएट रोचा पाद्री एडवर्ड टेरी याच्या बिऱ्हाडी राहिला. दोघांची चांगली मैत्री जमली, आणि टेरीने नंतर आपल्या पुस्तकात मित्राविषयी जे लिहिले ते थट्टा आणि जिव्हाळा यांचे छान मिश्रण आहे. कोरिएटची प्रकृती ढासळत होती. एकदा तो बोलता बोलता मूर्च्छित पडला. शुद्धीवर आल्यावर त्याला दुःख मरणाचे नव्हते. आपण वाटेत कुठेतरी मरू आणि एवढा प्रवास केला हे कुणाला कळणारही नाही, याचे होते. निघण्यापूर्वी वकिलाने त्याला अलेप्पोच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावे चिठ्ठी दिली. या माणसाला दहा पौंड द्यावेत, मी ते भरीन. बादशहाने दिले तेवढेच, दहा पौंड! पण चिठ्ठीत कोरिएटचे वर्णन कसे केले होते? माणूस प्रामाणिक आहे, पण गरीब बिचारा, अशा मासल्याचे. टेरी सांगतो, की देणगी पाहून स्वारी खूश झाली आणि शब्द पाहून हिरमुसली. वकिलाने उपकार केला आणि तो सांगण्याच्या रीतीत घालवला, अशी त्याची तक्रार.

या दोन दहा पौंडांकडे जरा शांतपणे बघा. पहिले दहा पौंड झरोक्यातून खाली आले, चादरीत पडले, चारचौघांदेखत. दुसरे दहा पौंड आपल्याच देशाच्या माणसाने, कागदावर, सभ्य रीतीने दिलेले. अपमान मात्र दुसऱ्याचा झाला. बादशहाने त्याला दरवेशी मानून दिले होते, जे तो स्वतःला म्हणवीत होता. वकिलाने गरीब बिचारा मानून दिले. ते दहा पौंड घ्यायला तो अलेप्पोपर्यंत पोचलाच नाही. मांडूहून चालत सुरतेला आला. वखारीतल्या देशबांधवांनी त्याची आस्थेने सरबराई केली. जहाजाने नुकतीच 'सॅक' नावाची स्पॅनिश दारू आली होती, ती त्याने मागितली आणि त्यांनी प्रेमाने दिली. पोटाचा विकार आधीच होता, तो या दारूने बळावला आणि डिसेंबर १६१७ मध्ये तो गेला. सुरतेजवळच त्याला पुरले. आपली हकिकत कुणी सांगणार नाही ही त्याची भीती टेरीने तेवढी खोटी ठरवली.

मैत्रीच्या पंगतीचे दुसरे चित्र याच वखारीतले, पण आनंदाचे आहे. मांडेल्स्लो नावाचा बावीस वर्षांचा जर्मन तरुण १६३८ साली इराणहून सुरतेला आला. विल्यम मेथवोल्ड तेव्हा प्रेसिडेंट होता. त्याने या मुलाला ठेवून घेतले. मेथवोल्ड आला १६३३ साली, म्हणजे गुजरातेतला १६३०-३२ चा भीषण दुष्काळ नुकताच सरला होता. त्या काळात वखारीतले कितीतरी इंग्रज रोगराईने गेले होते. अशा जागी मागे राहिलेल्यांनी मैत्रीचे काही नेमधर्म लावून घेतले, याचे मला नवल वाटत नाही. मांडेल्स्लो सांगतो, की दर शुक्रवारी प्रार्थना झाल्यावर प्रेसिडेंट आणि त्याच्या नात्यातले आणखी तीन व्यापारी एकत्र बसत. बायका मायदेशी ठेवून ते आले होते, आणि इंग्लंड सोडले तो वार शुक्रवार. म्हणून शुक्रवारी बायकांच्या नावाने प्याला उचलायचा. या खाजगी बैठकीत मेथवोल्डने त्या परक्या मुलालाही सामील करून घेतले. ज्याला जेवढी हवी तेवढी घ्यावी, आग्रह नाही. ब्रँडी, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचे एक पेयही मिळे. 'पंच' हे त्याचे नाव आपल्या 'पाच'वरून आले असे सांगतात. मांडेल्स्लोने मात्र मोजून चारच जिन्नस दिले आहेत. आणि रोजच्या बैठकीत काय? चहा! १६३८ साली सुरतेत मित्रमंडळी चहा पीत बसत होती. खानदेशात तो घरोघर पोचायला त्यानंतर तीनशे वर्षे लागली.

मेथवोल्डने जानेवारी १६३९ मध्ये विल्यम फ्रेमलिनच्या हाती कारभार दिला आणि तो त्याच तरुण पाहुण्याला बरोबर घेऊन जहाजावर चढला. पाच वर्षांच्या नोकरीचा हा निरोप. ज्याला निरोप द्यायचा तोच पाहुण्याची काळजी घेत निघाला, हे मला त्यात सर्वांत आवडते.

सरकारी निरोपाची आणि सन्मानाची रीत वेगळी होती. मोगलाईत सन्मान म्हणजे पोशाख, खिलत. वरच्याने दिलेला पोशाख अंगावर चढवणे म्हणजे त्याची चाकरी मान्य करणे. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली तेव्हा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि इंग्रजांनी वखार राखली. धुरळा खाली बसल्यावर खानाने प्रेसिडेंट सर जॉर्ज ऑक्झेंडनला घोडा, पोशाख आणि तलवार देऊ केली. ऑक्झेंडनचे उत्तर असे, की या वस्तू शिपायाला शोभतात. आम्ही व्यापारी, आम्हाला व्यापारात सवलत हवी. पुढे औरंगजेबाकडून जकातीत सूट मिळाली. मराठी वाचकाला या प्रसंगात खानाची फजिती आवडते. मला ऑक्झेंडनची धूर्तता दाद देण्यासारखी वाटते. पोशाख घेतला असता तर तो खालचा ठरला असता. सूट मागून त्याने बक्षिसाचा सौदा करून टाकला.

याच घराण्यातला हेन्री ऑक्झेंडन जून १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता. मुंबई त्या वेळी सुरतेच्या हाताखाली होती. दरबारात गर्दी फार. दुभाषा नारायण शेणवी याने नजर करायची हिऱ्याची अंगठी उंच धरली. महाराजांचे लक्ष गेले, त्यांनी सिंहासनाच्या पायाशी बोलावले आणि पोशाख दिला. इथे हेन्रीने तो घेतला, कारण आता देणारा छत्रपती होता. सर जॉर्जची घुमटदार कबर सुरतेत कतारगामच्या इंग्रज दफनभूमीत आहे. पोशाख नाकारणाऱ्या व्यापाऱ्याची कबर नबाबाला शोभेल अशी बांधलेली आहे, हे जाऊन बघण्यासारखे आहे.

असो. आता आजच्या सुरतेकडे वळू. आमचा पाच मित्रांचा कंपू विद्यापीठात असतानाचा. दोघे गुजराती, तिघे मराठी. एक टेक्स्टाईल मार्केटात दलाल आहे, एक बँकेतून निवृत्त झाला, एकाचे हिऱ्याचे छोटे युनिट होते ते मंदीत बंद पडले. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सुरतेत चंदनी पडवो असतो. त्या रात्री सारे शहर घारी आणि भुसे घेऊन गच्चीवर, नदीकाठी, रस्त्याच्या कडेला बसते. आम्हीही बसतो. घारीचे पैसे कोणी द्यायचे यावर दरवर्षी झटापट होते. "रहेवा दे ने, भाई" म्हणत दलाल मित्र पाकीट काढतो आणि बाकीचे त्याचा हात धरतात. ज्याचे युनिट बंद पडले, त्याला मात्र त्या वर्षी कोणी अडवले नाही. त्याने पैसे काढले, आम्ही गप्प राहिलो आणि त्याने दिले. त्या दिवशी त्याचा हात धरणे म्हणजे त्याला गरीब बिचारा म्हणणे झाले असते, हे कोणी कोणाला न सांगता सर्वांना समजले होते.

हॉटेलातल्या बक्षिसीबद्दलही या दलाल मित्राचे एक शास्त्र आहे. "आधी दिली तर लाच, मागून दिली तर टीप, आणि मागितल्यावर दिली तर दंड." तो स्वतः वेटरच्या हातात देतो, ताटलीत टाकत नाही. ताटलीतली मालकाला दिसते आणि हातातली दोघांनाच, हे त्याचे कारण. मला हे पटते. चारचौघांत टाकलेल्या नोटेत देणाऱ्याचाच थाट अधिक असतो. सुरतेतल्या हिऱ्याच्या एका मोठ्या कंपनीने २०१८ च्या दिवाळीत सुमारे सहाशे कर्मचाऱ्यांना मोटारी दिल्या, त्याची बातमी देशभर गाजली. कामगाराला गाडी मिळाली याचा आनंदच आहे. पण ओव्हिंग्टनच्या वेळी दलाल साहेबाला कापड देत होता आणि आता मालक कारागिराला गाडी देतो; हाताची दिशा उलटली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावे. आणि ज्या छोट्या युनिटांतून दिवाळीचा बोनसही सुटत नाही, त्यांची बातमी होत नाही हेही.

मित्राला काही द्यायचे आणि त्याला लागू द्यायचे नाही, यावर आपल्या लोकांनी एक सुंदर तोड काढलेली आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. लाखो माणसे शहर सोडून निघाली. ताप्ती लाईनच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. आमचा एक गुजराती मित्र आईवडिलांसह आमच्या घरी आला आणि पंधरा दिवस राहिला. निघताना त्याच्या वडिलांनी माझ्या आईच्या हाती पैसे देण्याचा प्रयत्न केला नाही. आईने ते घेतलेच नसते. त्यांनी माझ्या चार वर्षांच्या पुतण्याच्या मुठीत शंभराच्या पाच नोटा कोंबल्या आणि "खाऊला" म्हणाले, तेही मराठीत. मुलाच्या हातावर ठेवलेले परत करायचे नसते. उंबऱ्याशी आई म्हणाली, "या पुन्हा", ते म्हणाले, "आवजो". मराठी माणूस निघताना "येतो" म्हणतो, "जातो" म्हणत नाही. गुजराती माणूस "आवजो" म्हणतो. निरोपाच्या वेळी दोन्ही भाषांनी 'ये' हेच क्रियापद धरून ठेवले आहे.

आता थोडे आमच्या शाळांविषयी. आपल्याकडे एक जूनला जन्मलेल्यांची संख्या फार. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. त्यामुळे सेवानिवृत्तीही एकतीस मेला, भर सुट्टीत येते; म्हणून निरोपाचे समारंभ एप्रिलमध्येच उरकतात. शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी जातो, शिपाई साठाव्या. वर्गणीची यादी फिरते, दोघे सुरतेला जाऊन शर्ट-पॅन्टचे कापड आणि बाईंसाठी साडी आणतात, शाल-श्रीफळ होते, भाषणे होतात. या समारंभांना एक अलिखित तक्ता आहे. शिक्षकाला अंगठी, लिपिकाला घड्याळ, शिपायाला कापड आणि पाकीट. ज्याची जशी पायरी तशी भेट! ओव्हिंग्टनची यादी आमच्या स्टाफरूममध्ये अजून चालू आहे.

दोन वर्षांपूर्वी आमचे शिपाईमामा निवृत्त झाले. पस्तीस वर्षे घंटा दिली. त्यांचा मुलगा उधन्याला लूमवर आहे. त्याने पहाटेच्या गाडीने घारीचा डबा पाठवला होता. समारंभ सुरू होण्यापूर्वी मामांनी स्टाफरूममध्ये स्वतः घारी वाटली. सुरुवात माझ्यापासून नाही, दाराशी बसलेल्या नव्या शिक्षणसेवकापासून. नंतर मी शाल घातली, कापड दिले आणि पाकीट दिले. पाकिटावर आमच्या भाऊसाहेबांनी सुबक अक्षरात 'बक्षीस' असे लिहिले होते. दर वेळी तेच लिहितात, त्यांच्या मनात काही नव्हते. मामांनी पाकीट घेतले, वाचले आणि कार्यक्रम संपल्यावर माझ्या खोलीत आले.

"सर, पैसे आहेत तेवढेच राहू द्या. पाकीट तेवढं बदलून द्या."

"का मामा?"

"घरी देवापुढं ठेवायचं आहे. मुलगा वाचतो, सून वाचते. बक्षीस तर मला शाळेतल्या पोरांनीबी कधी दिलं नाही. आहेर लिहा."

मी भाऊसाहेबांना बोलावले. त्यांनी कोरे पाकीट काढले, शाई बदलून 'सप्रेम आहेर' असे लिहिले आणि खाली सर्वांच्या सह्या घ्याव्यात असे त्यांनीच सुचवले. दुपारी तीनपर्यंत सत्तावीस सह्या झाल्या. पाकिटाचा मागचा भागही भरला.

गेल्या वर्षापासून वर्गणीच्या वहीतला रकाना एकच आहे. रकमेचा प्रश्न मात्र तसाच पडून आहे. येत्या मे महिन्यात आमच्याकडे गणिताचे एक शिक्षक आणि एक प्रयोगशाळा परिचर निवृत्त होत आहेत. दोघांसाठी वर्गणी सारखी काढायची की तक्त्याप्रमाणे, यावर स्टाफरूममध्ये दोन तट पडले आहेत. गणिताच्या शिक्षकांनी स्वतः 'सारखी' असे मत दिले आहे; ज्येष्ठांपैकी तिघांना ते पसंत नाही. शाळा उघडली की पहिल्या शनिवारी सभा ठेवली आहे.